जुन्या क्रिकेट कार्डांची खरी किंमत मोबाईलवर कशी शोधायची? ‘लिमिटेड एडिशन’मागचं गणित आणि फसवणुकीचे सापळे



गणपतीच्या आधी घराची साफसफाई निघाली आणि माळ्यावरून बुटांचा एक जुना खोका खाली आला. उघडून बघतो तर आत क्रिकेट कार्डांचे गठ्ठे, वर रबर बँड. मी भिसेगावचा. कर्जत स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आमचं घर. शाळेत असताना, साधारण २०११ च्या सुमाराला, आम्हाला आयपीएलच्या ‘क्रिकेट अटॅक्स’ कार्डांचं वेड लागलं होतं. टॉप्स या अमेरिकन कंपनीची ती कार्डं. खाऊच्या पैशातून पाकीट घ्यायचं आणि मधल्या सुट्टीत “डबल आहे का रे?” म्हणत अदलाबदल करायची. चमकणारं सोनेरी कार्ड निघालं की त्या दिवशी वर्गात आपला भाव वाढलेला असायचा.

माझा मावसभाऊ अकरावीत आहे. त्याने त्यातलं एक चमकणारं कार्ड उचललं आणि गूगल लेन्सने स्कॅन केलं. एका साईटवर तसंच कार्ड दिसलं, किंमत ८५,००० रुपये. “दादा, आपण श्रीमंत झालो!” अख्खं घर गोळा झालं. त्याने लगेच जाहिरात टाकली. दोन तासांत व्हॉट्सऍपवर मेसेज आला की कार्ड ८०,००० ला घेतो, फक्त ‘रजिस्ट्रेशन फी’ १,१५० रुपये भरा. पठ्ठ्याने मला न विचारता भरली. मग ‘जीएसटी’चे ४,२०० मागितले, तेव्हा तो माझ्याकडे आला. १,१५० गेले ते गेलेच.

त्या रात्री त्याला जे समजावून सांगितलं तेच आज इथे लिहितोय. लिमिटेड कार्ड म्हणजे काय, त्याची किंमत कशामुळे ठरते, मोबाईलवरून खरी किंमत कशी काढायची आणि यात लोक फसतात कुठे? चला, एकेक पाहू.

लिमिटेड म्हणजे नक्की किती?

पहिला गोंधळ इथेच होतो. कार्डावर ‘लिमिटेड एडिशन’ छापलंय म्हणजे ते दुर्मिळ, असं आपण धरून चालतो. पण एक लाख हीसुद्धा लिमिटच की! कंपनीने आकडा सांगितला नसेल तर त्या दोन शब्दांना फारसा अर्थ नाही. ती जाहिरात आहे, मोजदाद नाही.

खरं लिमिटेड कार्ड ओळखायचं तर त्यावर क्रमांक शोधा. अमेरिकेतल्या बेसबॉल आणि बास्केटबॉल कार्डांवर ‘०७/२५’ असा आकडा छापलेला असतो. याचा अर्थ हे डिझाईन फक्त २५ वेळा छापलंय आणि तुमच्या हातातलं त्यातलं सातवं आहे. ‘१/१’ असेल तर जगात तसं एकच. अशा कार्डाला ‘सीरियल नंबर्ड’ म्हणतात.

२०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिसच्या एका ११ वर्षांच्या मुलाला पाकिटात पॉल स्कीन्स या बेसबॉलपटूचं असंच १/१ कार्ड सापडलं. त्यावर खेळाडूची सही होती आणि पहिल्या सामन्यात त्याच्या जर्सीवर असलेला पॅचही. पिट्सबर्गच्या क्लबने कार्डाच्या बदल्यात ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. मुलाच्या घरच्यांनी ती नाकारून मार्च २०२५ मध्ये कार्ड लिलावात काढलं आणि ते ११.१ लाख डॉलरला गेलं.

पण इथेही एक मेख आहे. एकाच खेळाडूचं एकच कार्ड रंग बदलून पुन्हा पुन्हा काढतात. निळं ९९, हिरवं ५०, सोनेरी २५, लाल ५ आणि काळं १. याला ‘पॅरलल’ म्हणतात. आपण ऍपची थीम बदलतो ना, तसंच: आतलं ऍप तेच, वरचा रंग वेगळा. त्यात पुढच्या वर्षी पुन्हा नवा संच. म्हणजे ‘फक्त २५’ हे त्या एका रंगापुरतं खरं, त्या खेळाडूची एकूण कार्डं मात्र हजारो असू शकतात. आकडा बघताना तो कशाचा आकडा आहे हे आधी विचारा.

पाकिटावरचं ‘१:२४’ काय सांगतं?

काही पाकिटांवर दुर्मिळ कार्डाची शक्यता दिलेली असते. १:२४ म्हणजे सरासरी २४ पाकिटांमागे एक. आपल्याला वाटतं, २४ पाकिटं घेतली की एक नक्की. तसं नाही. प्रत्येक पाकिटात ते कार्ड नसण्याची शक्यता २४ पैकी २३. हा अपूर्णांक स्वतःशी २४ वेळा गुणला तर उत्तर येतं साधारण ०.३६. म्हणजे शंभर मुलांनी प्रत्येकी २४ पाकिटं घेतली तर त्यातली ३६ मुलं तशीच परत जातील. एक पाकीट ५० रुपयांचं धरलं तर १,२०० रुपये घालवून!

(सीलबंद खोक्यातली पाकिटं कंपनी मोजून भरत असेल तर हे गणित थोडं बदलतं. पण दुकानातून सुटी पाकिटं घेणाऱ्याला हेच लागू.)

त्यामुळे आवड म्हणून पाकिटं फोडा, मजा येते. पण ‘गुंतवणूक’ म्हणून फोडत असाल तर थांबा. ठराविक कार्डच हवं असेल तर ते सुटं विकत घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

किंमत ठरवणारे तीन प्रश्न

कार्ड, तिकीट, नोट, कॉमिक, काहीही असो. जमवण्याच्या वस्तूची किंमत या तीन प्रश्नांवर उभी असते.

१. किती छापले?

आपल्याच देशातलं उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट १९४८ ला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, महात्मा गांधींची चार टपाल तिकिटं निघाली. त्यातलं सर्वात मोठं १० रुपयांचं. छपाई स्वित्झर्लंडमध्ये झाली होती. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाच्या वापरासाठी त्यातल्या फक्त १०० तिकिटांवर ‘सर्व्हिस’ हा शब्द वरून छापला गेला. २०१७ मध्ये अशा चार तिकिटांची जोडलेली पट्टी ५ लाख पौंडांना विकली गेली. तेच गांधीजी, तोच कागद, तीच शाई. फरक एका शब्दाचा आणि १०० या आकड्याचा.

२. किती उरले?

छापलेलं सगळं टिकत नाही. १९५२ साली टॉप्सने बेसबॉलची मोठी मालिका काढली, पण तिचा शेवटचा भाग उशिरा आला आणि पडून राहिला. पुढे १९६० च्या सुमारास न विकलेली खोकी बोटीत भरून समुद्रात बुडवली, असं ते कार्ड घडवणारे साय बर्गर सांगत असत. याच भागात मिकी मॅंटलचं कार्ड होतं. त्यातलं उत्तम अवस्थेतलं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

आता उलटं उदाहरण. मॅंटलसारख्या कार्डांचे भाव ऐकून १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सगळेच कार्डं ‘भविष्यासाठी’ जपून ठेवायला लागले. कंपन्यांनीही बेसुमार छापली. छापली भरपूर आणि फेकली कुणीच नाहीत! आज त्या काळाला तिथे ‘जंक वॅक्स’ म्हणतात आणि त्यातली बहुतेक कार्डं रद्दीच्या भावाची आहेत. सगळ्यांनीच जपलेली गोष्ट सहसा दुर्मिळ होत नाही.

३. किती जणांना हवं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. माझ्या चौथीच्या वहीत मी काढलेलं चित्र जगात एकच आहे, १/१. घेणार कोण? होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं १९०९ ते १९११ च्या काळातलं सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं. ते दुर्मिळ तर आहेच, साठेक प्रतीच माहीत आहेत. पण त्यामागे शंभर वर्षांचा संग्राहकांचा बाजार आहे: कॅटलॉग आहेत, लिलावगृहं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या जमवणारी घरं आहेत.

आपल्याकडे क्रिकेटचं वेड आहे, पण क्रिकेट कार्डं विकत घेणारे संग्राहक अजून थोडेच. इथे कार्ड हे मुख्यतः शाळकरी खेळणं राहिलं. बबलगमबरोबर मिळणारे खेळाडूंचे फोटो, बिस्किटाच्या रॅपरवरच्या ‘रन’, ट्रम्प कार्डं, मग अटॅक्स. आपण खेळलो, चुरगळली, हरवली. त्यामुळे काही कार्डं खरंच कमी उरली असतील, पण ‘कमी उरली’ आणि ‘महाग झाली’ यांच्यामध्ये गिऱ्हाईक उभं असावं लागतं.

अवस्था आणि ग्रेडिंग

समजा, तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुमच्या बाजूने आहेत. तरी कार्डाचा कोपरा दुमडलेला असेल तर किंमत धाडकन खाली येते. अवस्था मोजण्यासाठी अमेरिकेत ग्रेडिंग कंपन्या आहेत. त्यातली पीएसए ही १९९१ पासूनची. कार्ड तपासून १ ते १० असा ग्रेड देतात आणि प्लॅस्टिकच्या सीलबंद कवचात घालून परत पाठवतात. चार गोष्टी बघतात:

- चित्र मधोमध आहे का
- चारही कोपरे धारदार आहेत का
- कडा पांढऱ्या पडल्यात का
- पृष्ठभागावर ओरखडे, डाग, घडी आहे का

पहिली गोष्ट तुम्ही घरीच मोजू शकता. कार्ड टेबलावर ठेवा, मोबाईल अगदी वर, समांतर धरा, कॅमेऱ्याची ग्रिड चालू करा आणि फोटो काढा. मग कुठल्याही फोटो एडिटरमध्ये डावी आणि उजवी पांढरी कड पिक्सेलमध्ये मोजा. समजा डावीकडे ४२ आणि उजवीकडे २८ आले. बेरीज ७०, म्हणजे प्रमाण ६०/४०. प्रमाण ५०/५० पासून जितकं लांब, तितकी १० च्या ग्रेडची आशा कमी. वर-खालचंही असंच मोजायचं.

ग्रेड मिळाला म्हणजे डोळे झाकून विश्वास, असंही नाही. पीएसएने सर्वात पहिला ग्रेड दिला तो एका वॅग्नर कार्डाला. ते कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने भागीदारीत ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं. २०१३ मध्ये ते आधी विकणाऱ्या बिल मॅस्ट्रोने कबूल केलं की कडा छान दिसाव्यात म्हणून त्याने कार्ड कापलं होतं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध कार्डाचं हे, तर बाकीच्यांचं काय!

भारतातून ग्रेडिंगला पाठवायचं तर फी, परदेशी कुरिअर, विमा आणि परतीचा खर्च आला. हजार-पाचशेच्या कार्डासाठी हा उद्योग परवडत नाही. आधी किंमत काढा, मग ठरवा.

मोबाईलवर खरी किंमत कशी काढायची?

आता मुख्य काम. मावसभावाची चूक काय झाली? त्याने विकणाऱ्याने मागितलेली किंमत पाहिली. मागायला काय जातं! मी माझी जुनी सायकल दहा लाखाला लावू शकतो. साईट मला अडवणार नाही. खरी किंमत म्हणजे कुणीतरी खरोखर मोजलेले पैसे.

पायरी १: कार्ड नेमकं ओळखा. खेळाडूचं नाव पुरेसं नाही. मागच्या बाजूला कंपनी, वर्ष, संचाचं नाव, कार्ड क्रमांक असतो. सगळं टिपून घ्या. गूगल लेन्स ‘दिसायला सारखं’ शोधतं, ‘तेच’ शोधत नाही. २०११ चं आणि २०१३ चं कार्ड त्याला जुळं वाटू शकतं.

पायरी २: विकलेल्या वस्तू बघा. ईबेच्या मुख्य जागतिक साईटवर कार्ड शोधा आणि फिल्टरमध्ये जाऊन ‘सोल्ड आयटम्स’ चालू करा. आता फक्त विकली गेलेली कार्डं आणि त्यांच्या किमती दिसतील. किंमत खोडलेली दिसत असेल तर घासाघीस होऊन सौदा त्याहून कमी रकमेला झाला असं समजा.

पायरी ३: सरासरी नको, मधली किंमत घ्या. उदाहरण म्हणून पाच विक्री धरू: ९००, १,०००, १,१००, १,२०० आणि ९,००० रुपये. सरासरी येते २,६४०. पण पाचापैकी चार जणांना १,२०० च्या वर एक रुपयाही मिळालेला नाही! रकमा चढत्या क्रमाने लावून मधली घ्या: १,१००. हा ‘मीडियन’. एखादा वेडा आकडा त्याला हलवू शकत नाही. तो ९,००० वाला बहुधा ग्रेड केलेला असेल, सही असलेला असेल किंवा चुकीच्या नावाखाली विकलेला असेल.

पायरी ४: तारीख बघा. करोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, जगभर कार्डांचे भाव भडकले होते. पीएसएकडे इतका ढीग साचला की मार्च २०२१ मध्ये त्यांनी बहुतेक सेवा तात्पुरत्या थांबवल्या. त्या वेळचा भाव आज धरू नका. शक्यतो गेल्या तीन-चार महिन्यांतल्या विक्री घ्या.

पायरी ५: खर्च वजा करा. साईटचं कमिशन, पॅकिंग, कुरिअर. १,१०० च्या कार्डातून हातात ८०० आले तरी पुष्कळ.

आणि विक्री एकही सापडली नाही तर? तर कार्ड ‘अनमोल’ आहे असं नाही. त्याचा बाजारभाव अजून ठरलेलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या त्या ८५,००० च्या कार्डाचं हेच झालं. मागणारे तिघं होते, ८५,००० पासून ३०० रुपयांपर्यंत. विक्रीची नोंद एकही नाही.

असली की नकली?

घ्यायला जाल तेव्हा एवढं तरी तपासा.

- छपाईचे ठिपके: स्वस्तातलं भिंग लावून कॅमेऱ्याने बारीक अक्षरांचा फोटो काढा. खऱ्या छापील कार्डावर काळी अक्षरं सहसा एकसंध काळी आणि कडेला स्वच्छ असतात. स्कॅन करून प्रिंट काढलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात.
- यूव्ही टॉर्च: जुन्या काळच्या कागदात उजळपणासाठी घातली जाणारी रसायनं नसायची. ती साधारण १९४० च्या दशकानंतर आली. म्हणून १९३० चं म्हणवणारं कार्ड यूव्ही प्रकाशात निळसर चमकलं तर शंका घ्या. नवीन कार्डांना ही चाचणी लागू नाही.
- सर्टिफिकेट क्रमांक: ग्रेड केलेल्या कार्डाच्या लेबलवर क्रमांक असतो. तो ग्रेडिंग कंपनीच्या अधिकृत साईटवर स्वतः टाईप करून तपासा, विकणाऱ्याने पाठवलेल्या लिंकवरून नको. साईटवर कार्डाचा फोटो असेल तर ताडून पाहा. खरा क्रमांक नकली कवचावर छापणारे महाभागही आहेत.
- फोटो उलटा शोधा: विकणाऱ्याने दिलेला फोटो लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीत दिसला तर विषय संपला. नाहीतर आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून नवा फोटो मागा.

डिजिटल कार्डांचं काय?

२०२२ मध्ये क्रिकेटच्या डिजिटल कार्डांची मोठी लाट आली. रारिओने १२ कोटी डॉलर उभे केले, फॅनक्रेझने १० कोटी. ही कार्डं एनएफटी स्वरूपात असतात. ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांना दिसणारी, मागून खोडता न येणारी नोंदवही. अमुक कार्डाचा क्रमांक ७ तुमच्या नावावर आहे एवढंच ती सांगते. नक्कल ओळखायचा प्रश्न तिथे सुटतो, कोपरे दुमडायची भीतीही नाही.

पण आपला तिसरा प्रश्न तसाच राहतो: हवंय कुणाला? शिवाय चित्र किंवा व्हिडीओ बऱ्याचदा कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि खरेदी-विक्रीही तिच्याच ऍपवर होते. ऍप ओस पडलं तर नोंद तुमच्या नावावर राहील, गिऱ्हाईक राहणार नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. २६ एप्रिल २०२३ ला दिल्ली उच्च न्यायालयात रारिओच्या कंपनीने मागितलेला अंतरिम मनाई हुकूम नाकारला गेला. प्रतिस्पर्धी ऍपने खेळाडूंची नावं आणि रेखाचित्रं असलेली कार्डं काढली होती. खेळाडूंबद्दल सर्वांना उपलब्ध असलेल्या माहितीवर एकाचाच हक्क सांगता येत नाही, असा न्यायालयाचा रोख होता. आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. एका ऍपमधली ‘फक्त १००’ ही टंचाई त्या ऍपपुरतीच, शेजारचं ऍप त्याच खेळाडूची नवी शंभर काढू शकतं.

तिसरं, कर. अशा डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठराविक मर्यादेपुढच्या व्यवहारांवर १ टक्का टीडीएसही कापला जातो.

फसवणूक कशी होते? हे आधी वाचा, मग जाहिरात टाका

आमच्या घरी जे झालं ते कार्डापुरतं नाही. ‘ट्रॅक्टरवाली ५ ची नोट द्या, लाखो घ्या’, ‘७८६ क्रमांकाची नोट आहे का?’ असले व्हिडीओ तुम्हीही पाहिले असतील. खेळ तोच असतो. आधी मोठा आकडा दाखवायचा आणि मग छोटी फी मागायची. ८०,००० समोर दिसत असताना १,१५० कुणाला जड वाटत नाहीत. पुढे जीएसटी, विमा, ‘आरबीआय मंजुरी’. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस आणखी भरत जातो.

४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, बँक त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

लक्षात ठेवा:

- विकणाऱ्याला पैसे मिळतात. विकण्यासाठी पैसे भरायला सांगितले की तिथेच थांबा.
- यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.
- ‘पेमेंट झालं’चा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे. बँकेच्या ऍपमध्ये शिल्लक बघा.
- आधार, पॅनचे फोटो अनोळखी ‘खरेदीदारा’ला पाठवू नका. स्क्रीन शेअरिंगचं ऍप तर बिलकुल नको.
- फसलात तर लाज बाळगत बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आमच्याकडे हाच उशीर झाला. घरचे ओरडतील म्हणून मावसभाऊ दोन दिवस गप्प बसला. तक्रार केली, पण तोपर्यंत पैसे पुढे निघून गेले होते. म्हणून हे वाचणाऱ्या मोठ्यांनाही एक विनंती. आधी फोन लावू द्या, ओरडायचं ते नंतर ओरडा.

पावसाळ्यात कार्डं कशी जपायची?

आमच्या कर्जतच्या पावसात जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांनासुद्धा वास येतो, तिथे कार्डांचं काय! चमकणारी कार्डं सगळ्यात आधी वाकतात, कारण मागचा कागद ओल शोषतो आणि वरचा चमकता थर शोषत नाही.

- रबर बँड आधी काढा. तो कडा दाबतो आणि वितळून चिकटतोही.
- प्रत्येक कार्ड पातळ प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये घाला, चांगल्या कार्डांना कडक कव्हर.
- हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याच्या आधी त्या बदला.
- लॅमिनेशन? चुकूनही नको! संग्राहकाच्या दृष्टीने कार्ड तिथेच संपतं.
- ओल्या फडक्याने पुसू नका, पेनाने नाव घालू नका, कडा ‘नीट’ कापू नका.
- दोन्ही बाजूंचे फोटो काढून एका शीटमध्ये यादी करा: वर्ष, संच, क्रमांक, अवस्था. पुढे विकायचं झालं तर अर्धं काम झालेलं असेल.

थोडक्यात

‘लिमिटेड’ हा शब्द नको, आकडा बघा. मागितलेली किंमत नको, मोजलेली बघा. किती छापले, किती उरले आणि किती जणांना हवेत, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारा. आणि विकण्यासाठी कधीही पैसे भरू नका.

आमच्या खोक्याचं काय झालं विचाराल तर सगळं मोजलं. २१४ कार्डं, त्यातली ६१ डबल. सीरियल क्रमांक असलेलं एकही नाही. मधली किंमत काढण्याइतकी विक्रीची नोंदच नाही, म्हणजे हिशोबात खोक्याची किंमत आज जवळजवळ शून्य. रबर बँडने दोन कार्डांच्या कडा खाल्ल्या होत्या. बाकीची आता डब्यात, स्लीव्हमध्ये आहेत. डबल कार्डं घेऊन मावसभाऊ गेल्या रविवारी शेजारच्या पोरांबरोबर खेळत बसला होता. “दादा, याची डबल आहे का?” असं त्याने आतून ओरडून विचारलं आणि मी लॅपटॉप मिटून खेळायला गेलो.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा खोका असेल तर तो उतरवा. पण जाहिरात टाकायच्या आधी हा लेख घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना नक्की वाचायला द्या.